खाली मेट्रो, वर सातारा रस्ता

स्वारगेट ते कात्रज हे अंतर जेमतेम साडेपाच किलोमीटर. 16 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं या टप्प्यातल्या भुयारी मेट्रोला मंजुरी दिली, तेव्हा खर्च धरला होता 2,954 कोटी रुपये आणि मुदत 2029 ची. किलोमीटरला 540 कोटी पडले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं या मार्गावर बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्थानकं वाढवायला आणि कात्रजचं स्थानक थोडं दक्षिणेला सरकवायला आणखी 683 कोटी मान्य केले. काम साडेतीन हजार कोटींच्या वर गेलं आहे, आणि पुण्यातल्या मोठ्या कामांचा आजवरचा अनुभव पाहता आकडा तिथंच थांबेल अशी खात्री कुणी देऊ नये.

याच मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला पिंपरी ते निगडी हा 4.41 किलोमीटरचा विस्तार खांबांवरून जातो. त्याचा मंजूर खर्च 910 कोटी, म्हणजे किलोमीटरला 206 कोटी. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी हे दोन विस्तार मिळून पावणेतेरा किलोमीटर, तेही खांबांवरून. जून 2025 मध्ये मंजूर झालेला त्यांचा खर्च 3,626 कोटी, किलोमीटरला 284 कोटी. कात्रजला जमिनीखालून जायचं तर निगडीच्या अडीचपटीहून जास्त पैसे मोजावे लागतात.

एवढा पैसा घालावा का? घालावा, असं माझं मत आहे. पण तो सार्थकी लागायचा असेल तर भुयाराच्या वर जो सातारा रस्ता आहे त्याचं काय करायचं, हे भुयाराबरोबरच ठरवायला हवं. मेट्रोच्या चर्चेत किलोमीटर, स्थानकं, कर्ज, भूमिपूजनाच्या तारखा हे सगळं येतं. वरचा रस्ता कुणाचा, हा प्रश्न कुणी काढत नाही. माझ्या मते या विस्ताराचा नफा-तोटा त्याच प्रश्नावर ठरणार आहे.

या रस्त्याला इतिहास आहे. डिसेंबर 2006 मध्ये देशातली पहिली बीआरटी कात्रज-स्वारगेट-हडपसर याच मार्गावर सुरू झाली. रस्त्याच्या मधल्या दोन लेन फक्त बससाठी, थांबेही मधोमध. कल्पना सरळ होती. एका बसमध्ये साठ-सत्तर माणसं असतात, म्हणून तिला कोंडीतून बाहेर काढायचं. पण लेनचे अडथळे तुटले, ते पुन्हा लागले नाहीत. दुचाक्या शिरल्या, मागोमाग मोटारी शिरल्या, आणि त्यांना अडवायला उभे केलेले वॉर्डन हळूहळू दिसेनासे झाले. थांबा रस्त्याच्या मध्यात, त्यामुळे तिथं पोचायचं तर धावत्या गाड्यांमधून जीव मुठीत धरून जावं लागे. पुढे रस्त्याची पुनर्रचना झाली, जुने थांबे पाडून नवे बांधले, त्यावरही पैसा गेला. बसचा वेग मात्र ज्या प्रमाणात वाढायला हवा होता तसा वाढला नाही. नगर रस्त्यावरची बीआरटी त्यानंतर दहा वर्षांनी आली आणि गेल्या काही वर्षांत उखडूनही टाकली गेली. तिच्या पलीकडे, त्याच नगर रस्त्यावरून, आता वाघोलीची मेट्रो जाणार आहे.

म्हणजे ज्या दोन रस्त्यांवर बसला एक लेन देऊन ती टिकवणं या शहराला जमलं नाही, त्याच दोन रस्त्यांवर आपण आता हजारो कोटींची मेट्रो वाढवतो आहोत. याचं कारण तांत्रिक नाही. बसची लेन कुणाची तरी जागा घेते. मोटारवाल्याला ती रोज डोळ्यांसमोर रिकामी दिसते, तो चिडतो, नगरसेवकाला फोन करतो. भुयार कुणाच्या वाटेत येत नाही. ते कर्जातून होतं आणि कर्ज फेडणारे सगळेच असल्यामुळे फेडणारा कुणीच दिसत नाही. किलोमीटरमागच्या 540 कोटींतला मोठा भाग ही रस्त्यावरच्या जागेबद्दल भांडण टाळल्याची किंमत आहे, असं मी मानतो.

मग बसच का वाढवू नयेत, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यांना विकासविरोधी म्हणून गप्प करणं मला मान्य नाही. आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. शहराची बससेवा चालवणारी पीएमपी दोन हजारांच्या आतबाहेर बसवर दिवसाला दहा लाखांच्या आसपास प्रवासी वाहते. मेट्रोचा 33 किलोमीटरचा पहिला टप्पा, ज्याला 11,420 कोटींची मंजुरी होती, तो दिवसाला दोन लाखांच्या आसपास वाहतो. वातानुकूलित इलेक्ट्रिक बसची किंमत सव्वा ते दीड कोटी धरली, तर कात्रजच्या एका किलोमीटर भुयाराच्या पैशात साडेतीनशे-चारशे बस येतात. पीएमपीची तूट वर्षाला सातशे कोटींच्या घरात असते. ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका 60 आणि 40 टक्के अशी वाटून घेतात आणि दर वर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी त्यावरून पीएमपीला झोडपलं जातं. 2025 मध्ये तिकीट वाढलं, किमान भाडं पाचाचं दहा झालं. रोज बसनं जाणाऱ्या घरकामवालीच्या आणि दुकानातल्या पोराच्या खिशातून ते पैसे गेले. एका बाजूला सातशे कोटींसाठी इतकी ओढाताण आणि दुसऱ्या बाजूला दोन स्थानकांसाठी 683 कोटी एका बैठकीत मंजूर, हे पाहून कुणालाही राग येईल.

तरीही निव्वळ बसचा युक्तिवाद कात्रजच्या बाबतीत मला अपुरा वाटतो. बस घेणं सोपं, चालवणं महाग. प्रत्येक बसला चालक, वाहक, डेपोत जागा, आणि दहा-बारा वर्षांनी नवी बस. भुयार एकदा झालं की ते तीन-चार पिढ्या वापरात राहतं. पण खरी अडचण त्याहून साधी आहे. राखीव लेन नसताना सातारा रस्त्यावर आणखी चारशे बस सोडल्या तर त्या चारशे बस पद्मावतीच्या पुढे एकामागे एक उभ्या राहतील. बसची बाजू तेव्हाच भक्कम होते जेव्हा लेन देण्याची तयारी असते, आणि 2006 पासूनची वीस वर्षं ती तयारी नाही असंच सांगत आली आहेत. ज्यांना मेट्रोऐवजी बस हवी आहे, त्यांनी आधी लेनसाठी भांडलं पाहिजे. मीही त्यांच्याबरोबर भांडेन.

मेट्रोच्या बाजूनं सर्वांत वजनदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो फारसा मांडला जात नाही. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि पिंपरीहून येणारी गाडी स्वारगेटला येऊन थांबली. स्वारगेटला मेट्रो संपते आणि दक्षिण पुणं तिथून पुढे सुरू होतं. पद्मावती, सहकारनगर, बिबवेवाडी, धनकवडी, बालाजीनगर, भारती विद्यापीठ, आंबेगाव, कात्रज, कोंढवा ही सगळी वस्ती त्या शेवटच्या स्थानकाच्या पलीकडे आहे. भोर, खेड शिवापूर, साताऱ्याकडून येणारी एसटी आणि खासगी गाड्याही कात्रज ओलांडूनच शहरात शिरतात. पहिल्या टप्प्याचा पैसा खर्च झालेला आहे. तो परत येणार नाही. साडेपाच किलोमीटर पुढे गेल्यानं जो माणूस कात्रजला गाडीत बसेल, तो मंडई, शिवाजीनगर, दापोडी, पिंपरीपर्यंतची जुनी मार्गिकाही वापरणार. जिल्हा न्यायालयाला बदलून वनाज किंवा रामवाडीकडेही जाणार. त्यामुळे विस्ताराचा फायदा फक्त नव्या स्थानकांवरच्या प्रवाशांवरून मोजणं चूक आहे. आधीच्या 33 किलोमीटरमधल्या रिकाम्या जागा तो भरून काढतो. तीन डब्यांच्या गाडीत नऊशेहून अधिक माणसं मावतात. ती सहा-सात मिनिटांनी धावते. क्षमता आहे, माणसं अजून त्या मानानं पोचलेली नाहीत.

माणसं का पोचलेली नाहीत? 2017 च्या केंद्रीय मेट्रो धोरणानुसार प्रकल्पाचा आर्थिक परतावा 14 टक्के दिसावा लागतो. या परताव्यात तिकिटाचे पैसे थोडे आणि समाजाला होणारे फायदे जास्त. प्रवाशांचा वाचलेला वेळ, वाचलेलं पेट्रोल, टळलेले अपघात, कमी झालेला धूर हे सगळं रुपयांत मांडलं जातं. त्यात मोठा वाटा वेळेचा. आणि हा सगळा डोलारा एकाच आकड्यावर उभा असतो, तो म्हणजे रोज किती प्रवासी येतील. पुण्याच्या पहिल्या टप्प्याच्या आराखड्यात गृहीत धरलेले प्रवासी आजच्या प्रवाशांपेक्षा कितीतरी जास्त होते. देशातल्या बहुतेक नव्या मेट्रोंची हीच गत आहे आणि संसदेच्या स्थायी समितीनंही 2022 मध्ये त्यावर बोट ठेवलं होतं. अंदाज बांधणाऱ्यांना गणित येत नाही असं नाही. त्यांनी फीडर बस, म्हणजे वस्तीतून स्थानकापर्यंत आणून सोडणारी बस, गृहीत धरलेली असते, चालता येईल असा पदपथ गृहीत धरलेला असतो, पार्किंगला पैसे पडतील असं गृहीत धरलेलं असतं. धोरणातच तसं लिहिलं आहे. प्रत्यक्षात रूळ येतात, स्थानकं येतात, बाकीचं येत नाही.

धनकवडीत राहणाऱ्या एका बाईंचा विचार करू, ज्यांची नोकरी शिवाजीनगरला आहे. त्यांचं घर सातारा रस्त्यापासून आत, चढावर. मेट्रो सुरू झाली की त्यांना उतारानं खाली यायचं आहे. वाटेत पदपथ सुरू होतो आणि वीस पावलांवर वीजमंडळाच्या डीपीपाशी संपतो. पुढे फळांची हातगाडी, मग दवाखान्यासमोर पदपथावर आडव्या लावलेल्या दुचाक्या, मग मंगल कार्यालयाचा मांडव. त्या रस्त्यावरून चालतात. सातारा रस्त्यावर आल्यावर स्थानकाचं दार पलीकडच्या बाजूला असेल तर दुभाजकाची जाळी आडवी येते. पावसाळ्यात याच रस्त्याच्या कडेला घोट्यापर्यंत पाणी असतं. मग स्थानकात उतरायचं. जिल्हा न्यायालयाचा भुयारी फलाट 33 मीटर खोल आहे. तिथं एकामागून एक सरकते जिने संपत नाहीत हे तिथं उतरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. गाडीतला वेळ कितीही कमी झाला तरी घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंतची बेरीज या बाई करणारच. पावसात, हातात डबा आणि छत्री घेऊन दोन दिवस त्या असं जाऊन बघतील. तिसऱ्या दिवशी स्कूटी काढतील. आराखड्यातला वाचलेला वेळ आणि 14 टक्के परतावा या पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेत गळून जातो, आणि ही वाट सुधारायला लागणारा पैसा एका किलोमीटर भुयाराच्या पैशाच्या तुलनेत किरकोळ आहे.

म्हणूनच बालाजीनगर आणि बिबवेवाडीच्या स्थानकांसाठी जो वाढीव खर्च झाला, त्याच्या बाजूनं मी ठामपणे आहे. मूळ आराखड्यात साडेपाच किलोमीटरमध्ये तीनच स्थानकं होती, मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज. सर्वांत दाट वस्ती ज्या पट्ट्यात आहे त्याच्या खालून गाडी न थांबता निघून गेली असती. भुयाराचा पैसा तर द्यायचाच आहे, मग त्याचा वापर करणाऱ्या माणसाला दीड-दोन किलोमीटर चालायला का लावायचं? 683 कोटींतले 341 कोटी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या कर्जातून आणि 227 कोटी महापालिकेच्या तिजोरीतून, अशी विभागणी आहे. महापालिकेनं तिसरा हिस्सा उचलणं सोपं नाही. पण या पैशाचा फायदा थेट चालत येणाऱ्या माणसाला आहे. हाच विचार पहिल्या दिवशी झाला असता तर बरं झालं असतं. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हतं. आमच्या वस्तीत स्थानक का नाही, असं विचारायला हक्काचा नगरसेवक नव्हता. रहिवाशांना खासदार-आमदारांचे उंबरे झिजवावे लागले. इतक्या मोठ्या कामाचे तपशील अशा काळात ठरावेत हे शहराचं दुर्दैव.

मार्केट यार्डबद्दल एक गोष्ट इथंच सांगितली पाहिजे. या स्थानकाचा फायदा बाजारात काम करणाऱ्यांना होईल असं सरसकट बोललं जातं. फळ-भाजी विभागात गाड्या रात्री लागतात, हमाल आणि तोलणार पहाटेच कामाला भिडतात, सहाच्या सुमारास अर्धा बाजार होऊन गेलेला असतो. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. तिथल्या हमालाला ही मेट्रो जाताना उपयोगाची नाही. त्याला पहाटे साडेतीनची बस हवी आहे. हे लक्षात घेतलं नाही तर मेट्रो आली म्हणून त्या वेळच्या बस कमी होतील, आणि ज्याच्या श्रमावर या शहराची भाजी चालते त्याच्या वाट्याला महागडी रिक्षा येईल.

आता वरच्या रस्त्याकडे येतो. पुण्यात मेट्रो आणि उड्डाणपूल हातात हात घालून बांधले जातात आणि दोन्हींकडे प्रगती म्हणून पाहिलं जातं. विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल 2020 मध्ये हिंजवडी मेट्रोसाठी पाडले. ते बांधून दीड दशकही झालं नव्हतं. त्या जागी पुन्हा दुमजली पूल उभा राहिला, वर मेट्रो आणि तिच्या खाली मोटारी. सिंहगड रस्त्यावरचा 118 कोटींचा उड्डाणपूल 2025 मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला मेट्रोला केंद्रानं हिरवा कंदील दिला. ही मेट्रो सिंहगड रस्त्यावरूनच जाणार आहे. कात्रज चौकातही उड्डाणपुलाचं काम वर्षानुवर्षं चाललेलं आपण पाहतो. एका हातानं मेट्रोला प्रवासी मिळावेत म्हणून हजारो कोटी घालायचे आणि दुसऱ्या हातानं त्याच रस्त्यावर मोटार चालवणं सोपं करायचं, हा मडक्याला छिद्र ठेवून पाणी भरण्याचा प्रकार आहे. मेट्रोला प्रवासी मिळतात ते वेळेच्या फरकामुळे. उड्डाणपूल तो फरक काही वर्षांपुरता पुसून टाकतो. मग पूलही भरतो, पण तोवर शहरात आणखी मोटारी आलेल्या असतात.

पार्किंगचंही तसंच. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं 2018 मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं. रस्त्यावर गाडी लावायला पैसे घ्यायचे, सुरुवात काही मोजक्या रस्त्यांवर करायची, असं ठरलं. विरोध झाला आणि ते कागदावर राहिलं. सार्वजनिक रस्त्याची सर्वांत महाग जागा फुकट देणाऱ्या शहरात मेट्रोच्या प्रवाशानं मात्र कात्रजहून शिवाजीनगरला जाण्यासाठी तिकीट काढायचं. दुचाकीवाल्याला पेट्रोल सोडलं तर काहीच पडत नाही. या तुलनेत मेट्रो का हरते हे शोधायला सल्लागार नेमायची गरज नाही.

या सगळ्याचा पैसा कोण देतं हेही उघड बोललं पाहिजे. 1 एप्रिल 2022 पासून पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्काबरोबर घराच्या किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार लागतो. साठ लाखांच्या फ्लॅटवर साठ हजार रुपये. लोहगावला किंवा उंड्रीला कर्ज काढून दोन खोल्यांचं घर घेणारं कुटुंब, ज्याच्या दारात पुढची दहा वर्षं मेट्रो येणार नाही, तेही हे साठ हजार भरतं. उलट स्थानकापासून 500 मीटरच्या आत टीओडी धोरणानुसार, म्हणजे स्थानकाभोवती दाट बांधकामाला मुभा देणाऱ्या धोरणानुसार, चारपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळतो. मेट्रोमुळे वाढलेली जमिनीची किंमत तिथं आहे. त्यातला काही भाग प्रीमियमच्या, म्हणजे वाढीव बांधकामावरच्या शुल्काच्या, रूपात परत मिळतो हे खरं, पण तो नेमका त्याच स्थानकाच्या भोवतालच्या पदपथांवर, फीडर बसवर, चौकांवर खर्च व्हावा असं बंधन हवं. आज जो भार पडतो तो घर घेणाऱ्या सगळ्यांवर आणि फायदा होतो तो आधीच जागा असलेल्यांना. दाट वस्तीत आणखी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि खालचा पदपथ तोच राहिला, तर मेट्रोनंच त्या गल्ल्यांची कोंडी वाढवली असं होईल. पद्मावती, सहकारनगरच्या आतल्या गल्ल्या पाहिल्या तर ही भीती वावगी वाटत नाही.

कात्रजच्या मेट्रोकडून काय होणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कात्रज-आंबेगाव भागातली बरीच तरुण मंडळी हिंजवडीला कामाला जातात. ती शहरातून जात नाहीत, नवले पूल, वारजे, चांदणी चौक अशी बाह्यवळण महामार्गानं जातात. हिंजवडी-शिवाजीनगर ही 23 किलोमीटरची मेट्रो पूर्ण जोडली गेली तरी कात्रजहून शिवाजीनगरपर्यंत उत्तरेला यायचं, तिथं गाडी बदलायची आणि पुन्हा पश्चिमेला जायचं, हा वळसा फार थोडे लोक घेतील. या मार्गिकेची मार्च 2025 ची मुदत उलटून गेली, ही वेगळी गोष्ट. महामार्गावरून जाणाऱ्या त्या मुलांसाठी बाह्यवळणावर दर दहा मिनिटांनी धावणारी, थांबे कमी असलेली बस हवी आहे. तिला भुयार लागत नाही. नवले पुलाजवळच्या अपघातांच्या बातम्या आपण सारखे वाचतो. त्या रस्त्यावरच्या दुचाक्या कमी करण्याचा सर्वांत जलद मार्ग तोच आहे, आणि तो 2029 पर्यंत थांबायला लावत नाही.

हलक्या रेल्वेचा पर्यायही इथं विचारात घ्यावा असा आहे. केंद्र सरकारनं 2019 मध्ये मेट्रोलाइटसाठी मानकं आखली. छोट्या गाड्या, साधी स्थानकं, जमिनीवरून जाणारे रूळ, आणि मेट्रोच्या निम्म्याहून कमी खर्च. ज्या मार्गावर तासाला पंधरा हजारांच्या आत प्रवासी असतील त्यासाठी ही व्यवस्था. नाशिकला रबरी टायरवरच्या मेट्रो निओची घोषणा झाली, 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिला 2,092 कोटी दाखवले गेले, आणि पुढे काही हललं नाही. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गनं 1994 मध्ये ट्राम आणली ती गावाच्या मुख्य चौकातून मोटारी बाहेर काढून. व्यापाऱ्यांचा विरोध तिथंही होता. ती ट्राम स्वस्त पडली आणि चालली, कारण शहरानं रस्त्याची जागा तिला दिली. सातारा रस्त्यावर मधल्या दोन लेन 2006 मध्येच आखलेल्या होत्या. हलकी रेल्वे तिथं बसू शकली असती. पण हा पर्याय फक्त त्याच शहराला परवडतो जे मोटारीकडून जागा काढून घेऊ शकतं. आपल्याला ते जमलं नाही म्हणून स्वस्त पर्याय हातातून गेला. आता मंजुरी झालेली आहे, कर्जाचे करार पुढे गेले आहेत, या टप्प्यावर कात्रजचं भुयार थांबवून पुन्हा शून्यापासून सुरुवात करा असं मी म्हणणार नाही. प्रत्येक वर्षाच्या विलंबानं खर्च वाढतो. डिसेंबर 2016 मध्ये भूमिपूजन झालेला पहिला टप्पा स्वारगेटला पोचायला पावणेआठ वर्षं गेली, तेवढा अनुभव पुरे आहे. खडकवासला आणि हडपसरकडे जाणाऱ्या 31 किलोमीटरच्या पुढच्या मार्गिकेला मात्र 9,857 कोटी लागणार आहेत. तिथं प्रत्येक रस्त्याचं वरचं चित्र आधी ठरलं पाहिजे.

भुयारी स्थानकं वरून खोदून बांधली जातात. मार्केट यार्ड, बिबवेवाडी, पद्मावती, बालाजीनगर, कात्रज या पाच ठिकाणी सातारा रस्ता काही वर्षं उकरलेला राहणार, पत्रे लागणार, दुकानांसमोर धूळ बसणार. किराणा, हार्डवेअर, चष्म्याची दुकानं, खानावळी यांचं त्या काळातलं नुकसान कुठल्याच खर्चपत्रकात धरलेलं नसतं. भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्यानं तीन वर्षं अर्ध्या गिऱ्हाइकावर कसं तग धरायचं? निदान त्या काळातला मालमत्ता कर आणि परवाना शुल्क माफ करण्याची तरतूद महापालिकेनं आधीच करायला हवी. हा खर्च प्रकल्पाचाच आहे, तो दुकानदारानं का सोसायचा?

पण रस्ता उकरला जाणार याचा दुसरा अर्थ असा की तो पुन्हा बांधलाही जाणार. अशी संधी पन्नास वर्षांत एकदा येते. पत्रे निघाल्यावर आज आहे तसाच रस्ता परत केला तर मेट्रोचे निम्मे प्रवासी तिथंच गमावले जातील. स्थानकाची दारं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हवीत आणि भुयारातला मार्ग तिकीट नसलेल्या माणसालाही रस्ता ओलांडायला खुला हवा. दोन्ही बाजूंना सलग पदपथ, ज्यावर डीपी आणि पाट्या नाहीत. धनकवडी, बिबवेवाडी, आंबेगाव, कोंढवा इथून स्थानकापर्यंत फिरणाऱ्या लहान बस, आणि मेट्रोचं तिकीट काढलेल्याला त्या बसमध्ये वेगळे पैसे पडू नयेत. पीएमपीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या रस्त्यावरून काढून टाकू नयेत, त्यांची लेन त्यांना परत द्यावी. भुयारी गाडी पाच ठिकाणी थांबेल, बस मधल्या सगळ्या थांब्यांवर थांबते आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दोन-तीन मजले खाली उतरवत नाही. स्थानकाभोवती अर्ध्या किलोमीटरमध्ये रस्त्यावरचं फुकट पार्किंग बंद. 2018 चं धोरण तयारच आहे, ते इथून सुरू करावं.

हे काम मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रो कंपनीवर सोपवून चालणार नाही. तिचं काम स्थानकाच्या दाराशी संपतं. रस्ता महापालिकेचा, बस पीएमपीची, वाहतूक पोलिसांची, एफएसआयचा प्रीमियम पुन्हा महापालिकेचा. या चौघांना एका नकाशावर आणायचा अधिकार आता निवडून आलेल्या सभागृहाला आहे. स्थानकांची बांधकामं आटोपून वर डांबर पडायची वेळ 2028-29 च्या सुमारास येईल. कात्रज ते स्वारगेट प्रत्येक चौकात कुठली लेन बसची, पदपथ किती रुंद, फीडर बस कुठं वळणार आणि त्यासाठी किती कोटी राखून ठेवले, हे त्याआधी ठराव करून मंजूर व्हायला हवं, आणि तो मंजूर नकाशा रस्ता पूर्ववत करण्याच्या निविदेला जोडलेला असायला हवा.